भुई, कोबा आणि फरशी

(द्वितीय वर्ष, कला)

"अंकासाठी काय लिहितेस?" असे मैत्रिणीने विचारले. "फरशीवर लिहितेय," असे मी म्हणाले. तिला वाटले, मी फरशीवर बसून लिहिते आहे. तिचा गैरसमज दूर केला तेव्हा ती इतकी हसली की मला क्षणभर विषय बदलावा असे वाटले. परंतु दुसरे काय लिहिणार? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कविता मला आवडते, पण ती लिहिता येत नाही. प्रवासवर्णन लिहावे तर सोलापूरच्या पलीकडे मी गेलेले नाही. माझे वडील गवंडी आहेत आणि गवंडीकामातही फरशी बसवणे हा त्यांचा हातखंडा आहे. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली घमेली उचलते, दर्जा भरते. नाणे वाजवून फरशी खाली भरीव आहे की पोकळ, हे मला सांगता येते. तेव्हा जे येते तेच लिहावे, असे मी ठरवले.

अण्णा नेहमी म्हणतात, "जिमीन वरनं बिघडत न्हाई पोरी, खालनं बिघडती." आपण मात्र बहुतेक वेळा वरूनच इलाज करतो. चीर दिसली की सिमेंट फासतो, डाग दिसला की ॲसिड ओततो. सहा महिन्यांनी चीर पुन्हा तिथेच येते. मग गवंड्याला नावे ठेवतो. (कधी कधी ती रास्तही असतात.)

सुरुवात भुईपासून करते, कारण आमचे घर मूळचे माळवदाचे आणि २०१९ सालापर्यंत आत सगळी मातीची भुईच होती. आई सारवायची आणि मी बादलीत शेण कालवून द्यायची. मातीची भुई म्हणजे नुसती माती पसरलेली, असा शहरातील मुलींचा समज दिसतो. तसे नाही. खाली मुरूम घालून, पाणी शिंपडून तो धुमसाने ठोकतात. त्यावर चाळलेल्या पांढऱ्या मातीचा थर देऊन तो ओलसर असतानाच लाकडी चोपण्याने चोपतात. चोपताना घाई केली की भुई पुढे वर्षभर धूळ देते. हे सगळे वाळल्यावर मग सारवण. शेणामध्ये न पचलेल्या गवताचे बारीक बारीक तंतू असतात. ते मातीच्या कणांना धरून ठेवतात आणि वाळताना पडणाऱ्या लहान भेगा बुजवतात. सारवण पातळच हवे. जाड दिले तर लवकर होईल, असे मला लहानपणी वाटायचे. जाड सारवणाचे पोपडे निघतात आणि ते पायाला टोचतात, हे आईने न रागावता मला एकदा तसे करू देऊन दाखवले.

भुईला खड्डा पडला की त्यात कोरडी माती टाकून वर सारवले जाते. ती माती चार दिवसांत केरसुणीबरोबर निघून येते. खड्ड्याच्या कडा विळ्याने खरवडून, आत पाणी शिंपडून तो तासभर मुरू द्यावा. मग मुरूम आणि पांढरी माती ओलसर करून थोडी थोडी भरावी आणि प्रत्येक थर ठोकावा. शेवटचा थर आजूबाजूच्या भुईपेक्षा किंचित वर ठेवावा, कारण वाळल्यावर तो बसतो. घुशीने उकरलेले बीळ मात्र मातीने बुजत नाही. आमच्याकडे त्यात काचेचे तुकडे आणि खडी ठासून भरतात आणि तोंडाशी सिमेंटचा गोळा दाबतात. घूस दुसरीकडून उकरते ही गोष्ट वेगळी. तिचे बीळ बहुधा जोत्याच्या बाहेरून सुरू होते, म्हणून ते बाहेरून शोधणे जास्त शहाणपणाचे.

सारवणाविषयी एक गोष्ट मात्र आईलाही ठाऊक नव्हती. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. हाताला कापले असेल, चिरा पडल्या असतील, तर उघड्या हाताने सारवू नये आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. आईच्या हाताला तर उन्हाळाभर चिरा असतात. आता ती प्लॅस्टिकचे हातमोजे घालते आणि "लई गुळगुळीत येत न्हाई," अशी तक्रार करते.

कोब्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो आमच्या घरी नाही, चुलत्यांच्या घरी आहे. सिमेंटचा कोबा दोन कारणांनी बिघडतो. एक म्हणजे सगळी खोली एका दमात घालणे. सिमेंट वाळताना आकसते. त्याला आकसायला जागा दिली नाही, तर ते स्वतःच आपली जागा करून घेते, म्हणजे तडकते. म्हणून जाणता गवंडी खोलीचे चौकोन पाडतो, मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या करतो आणि एक सोडून एक चौकोन भरतो. दुसरे कारण पाणी. माल कालवताना जास्त आणि नंतर मारताना कमी! वास्तविक हे उलटे हवे. पातळ माल पसरायला सोपा जातो, पण त्यातून वर आलेल्या पाण्याबरोबर सिमेंटची मलई वर येते आणि पुढे तीच भुकटी होऊन पायाला लागते. कोबा घातल्यावर निदान सात दिवस तो ओला ठेवावा लागतो. ओली पोती टाकून ठेवली तर उत्तम. चीर पडलीच तर ती छिन्नीने थोडी रुंद करून, आतली धूळ पूर्ण काढून, भिजवून, आत सिमेंटचे पातळ कालवण सोडावे आणि मग एकास तीन मालाने भरावी. वरवर लिंपलेली चीर टिकत नाही.

आता शहाबादी फरशी. सोलापूरकडे घर म्हटले की शहाबादी आलीच. शहाबाद हे गाव कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. हा दगड म्हणजे चुनखडक. पाण्याखाली थरावर थर साचून तो तयार झाला, त्यामुळे खाणीत तो आपोआप सपाट लाद्यांसारखा सुटतो. त्याची एक बाजू गुळगुळीत आणि खालची ओबडधोबड असते. खालच्या बाजूला माल चांगला धरतो. उन्हाळ्यात ही फरशी इतकी गार लागते की आजी दुपारी चटई बाजूला सारून तिच्यावर आडवी होते.

आमच्या घरी ही फरशी आली ती २०१९ च्या मे महिन्यात, ताईच्या लग्नाआधी. पाहुणे येणार, तर निदान माजघर तरी फरशीचे असावे, असे सर्वांचे मत पडले. आमच्या गावची जमीन काळी. अण्णांना ठाऊक होते की दीड फूट काळी माती काढून तिथे मुरूम भरायला हवा. पण मुरमाच्या ट्रॉलीचे पैसे मांडवाला लागत होते आणि लग्न अकरा दिवसांवर आले होते. जन्मभर लोकांना "खालचं काम आधी" असे सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात भुईवर थोडी वाळू पसरून त्यावर माल टाकला आणि फरशी बसवली. लग्नात सर्वांनी वाहवा केली.

दुसऱ्या पावसाळ्यापासून न्हाणीच्या बाजूच्या फरश्या वर यायला लागल्या. उन्हाळ्यात त्या खाली बसत आणि दर्जा उघड्या पडत, पावसाळ्यात पुन्हा वर येत. असे का होते, ते मला पुढे भूगोलाच्या तासाला समजले. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिशय पातळ थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने हे अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "नाव म्हाईत नव्हतं." एवढेच.

इथे मला एक प्रश्न पडला. हीच काळी माती त्याच घराखाली आधीही होती. मग भुई का उचलली गेली नाही? विचार केल्यावर वाटले, तीही उचलली जात असणार. पण भुई मऊ असते, खालच्या मातीबरोबर ती वरखाली होते, तिला केसासारख्या भेगा पडतात आणि दर आठवड्याला आई त्या सारवणाने बुजवते. म्हणजे दुरुस्ती रोज चालूच होती, फक्त तिला कोणी दुरुस्ती म्हणत नव्हते. फरशीला तसे वाकता येत नाही. ती एक तर उचलली जाते, नाही तर फुटते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पहाटे पाणी प्यायला उठलेली आजी वर आलेल्या फरशीच्या कोपऱ्याला अडखळली. तो कोपरा जेमतेम बोटभर वर होता. तिचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. "माजीच चूक, मी बघून चालायचं हुतं," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राही आणि अण्णा तिथून उठून बाहेर जात. गावात चेष्टाही झाली. गवंड्याच्या घरातच फरशी उचलली, म्हणून. फरशीचा विषय मला किरकोळ वाटत नाही तो या कारणाने. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या इंचाचा उंचवटा पुरेसा होतो.

दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस थांबून जमीन वाफशावर आल्यावर आम्ही काम काढले. प्रथम माजघरातल्या तीसही फरश्या वाजवून पाहिल्या. भरीव फरशीचा आवाज बद्द आणि आखूड येतो, पोकळ फरशी मडक्यासारखी वाजते. बारा फरश्या पोकळ निघाल्या, त्या सगळ्या न्हाणीकडच्या. खडूने त्यांवर आकडे घातले, कारण हाताने घडलेल्या शहाबाद्या तंतोतंत एका मापाच्या नसतात. आपापल्या जागी गेल्या तरच त्या बसतात. मग छिन्नीने दर्जा मोकळ्या करून, पहारीखाली लाकडाचा तुकडा टेकू म्हणून ठेवून, एकेक फरशी अलगद उचलली. कडेवर जोर दिला की कोपरा उडतो. तरी दोन फुटल्याच, त्यातली एक माझ्या हातून.

खाली माती ओलीच होती. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते, तेव्हा हे पाणी पावसाचे नव्हते. अण्णांनी न्हाणीत निळीचे पाणी ओतायला सांगितले. थोड्या वेळाने खड्ड्याच्या कडेतून निळे पाणी पाझरू लागले. सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा भिंतीच्या आत निखळला होता. पाच वर्षे आमचे अंघोळीचे पाणी माजघराखाली मुरत होते! तो सांधा आधी दुरुस्त केला. तो तसाच ठेवून वर कितीही पक्के काम केले असते तरी ते वाया गेले असते.

नंतर दीड फूट काळी माती काढली. भिंतीलगत मात्र एकदम खणायचे नाही. तीन तीन फुटांचा तुकडा खणायचा, भरायचा, मग पुढचा. नाही तर जुन्या दगडमातीच्या भिंतीचा पाया उघडा पडतो. एक ब्रास मुरूम लागला. तो सहा सहा इंचांच्या थरांनी भरला, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमस मारला. एकदम दीड फूट भरून वरून ठोकले तर वरचा वीतभर थर तेवढा घट्ट होतो. खालचा पोकळच राहतो आणि पुढे खचतो. हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि पाहणाऱ्याला कधी न दिसणारे. दोन दिवस माझे खांदे असे दुखत होते की पेन धरवत नव्हते.

त्यावर एकास सहा मालाचा दीड इंची थर, त्यावर सिमेंटचे पातळ कालवण आणि मग भिजवलेली फरशी. ती लाकडी हातोडीने मधून कडेकडे ठोकत नेतात, म्हणजे खालची हवा निघून जाते. पातळीसाठी अण्णा अजून पाण्याची नळी वापरतात. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके दोन कोपऱ्यांत धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच उंचीवर येते. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसाने मला शिकवलेला हा पदार्थविज्ञानाचा पहिला धडा. न्हाणीत मात्र पातळी नको, ढाळ हवा. चार फुटांना पाऊण इंच उतार मोरीच्या तोंडाकडे दिला की पाणी साचत नाही. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट सोडून तिच्यात वाळू भरली. दर्जा दुसऱ्या दिवशी भरल्या. तीन दिवस कोणाला पाय ठेवू दिला नाही आणि आठवडाभर ओली पोती टाकली. आजीची बाज तेवढे दिवस ओसरीवर होती.

आता नव्या घरांतून चकचकीत टाइल आली आहे. गावात तिला सगळे 'स्टाईल'च म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावी एका घरी दुपारी फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि मधल्या ओळीतल्या टाइल तंबूसारख्या वर आल्या. घरच्या मंडळींनी आधी भूकंप समजला. अण्णांनी तिथे उचललेल्या टाइल उलटून मला दाखवल्या. माल फक्त मध्ये गोळ्यासारखा चिकटलेला होता, चारही कोपरे कोरे. शिवाय टाइलला टाइल खेटून बसवलेली, कारण मालकांना फट नको होती. टाइल उन्हाने आणि दमटपणाने अगदी थोडी वाढते, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळ्यांची थोडी थोडी वाढ एकत्र झाली की तिला जायला वरच जागा उरते. दोन टाइलमध्ये दोनतीन मिलिमीटर फट ठेवावी. भिंतीकडेला थोडी मोठी ठेवावी, ती पट्टीखाली झाकली जाते. माल किंवा चिकटवण्याचे मिश्रण टाइलच्या पूर्ण पाठीला लागलेले हवे. उचललेल्या टाइल पुन्हा बसवायच्या तर पाठीचा जुना माल खरवडून काढल्याशिवाय बसवू नयेत. आणि घर बांधताना चारपाच टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवाव्यात. पुढे त्याच नावाची टाइल मिळाली तरी रंग जुळेलच असे नाही.

न्हाणीत आणि म्हातारी माणसे वावरतात तिथे चकचकीत टाइल घालू नये, खरखरीत घ्यावी. हे अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात आणि बहुतेक गिऱ्हाइके ऐकत नाहीत. टाइल कापण्याच्या यंत्राची धूळही अशीच दुर्लक्षित गोष्ट आहे. त्या धुळीतले सिलिकाचे कण फुप्फुसात जाऊन कायमचे बसतात. कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवली तर धूळ उडत नाही. अण्णा इतकी वर्षे तोंडाला रुमाल बांधून काम करत होते, पण त्या रुमालातून हे बारीक कण आत जातातच. मी वाचल्यापासून त्यांच्यामागे लागून पाण्याची बाटली यंत्राला बांधून घेतली आहे आणि दुकानातून चांगला मास्कही आणला आहे.

राहता राहिली स्वच्छता. बोअरच्या जड पाण्याने पुसलेल्या फरशीवर पांढरे डाग पडतात, म्हणून लोक ॲसिड टाकतात. शहाबादी काय, कोटा काय, कडप्पा काय, हे सर्व चुनखडक आहेत. लिंबाचा रस पडला तरी त्यांची चकाकी जाते, मग ॲसिडचे काय बोलावे! ते टाकले की फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटते की मळ निघतो आहे. खरे तर फरशीच विरघळत असते, आणि दर्जांतले सिमेंटही. साधा साबण, गरम पाणी आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसणे एवढे पुरते. टाइलवर ॲसिड वापरलेच तर त्यात ब्लीचिंग पावडर कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. भिंतीलगत पांढरा खार फुलतो तो लोणा. तो पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो आणि वाळल्यावर परत फुलतो. कोरड्या ब्रशाने झाडून गोळा करावा आणि ओल कुठून येते ते शोधावे. बाहेर अंगणाचा उतार घराकडे असेल, पन्हळीचे पाणी जोत्यापाशी पडत असेल, तर तेच कारण असते. अशा वेळी फरशीचे दुरुस्तीकाम अंगणात फावडे घेऊन करावे लागते.

आमच्या माजघराने २०२५ चा पावसाळा काढला. पाऊस संपल्यावर मी पुन्हा नाणे घेऊन तीसही फरश्या वाजवल्या. नव्याने बसवलेल्या बाराही भरीव वाजल्या. उंबऱ्याजवळच्या दोन मात्र, ज्या आम्ही त्या वेळी उचलल्या नव्हत्या, त्या आता किंचित मडक्यासारख्या वाजतात. अण्णांनी त्यांवर खडूने फुली मारून ठेवली आहे. आजी येताजाता त्या फुलीला वळसा घालून जाते.